पद्मिनीचं इंजिन: पहिल्यांदाच जुनी फियाट घेणाऱ्यांसाठी

प्रीमिअर पद्मिनीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं की नवखा माणूस जरा थबकतो. केवढी मोकळी जागा! इंजिनाच्या बाजूने हात पार खालपर्यंत जातो. आजच्या गाडीत दिसतं त्यातलं काहीच नाही. सेन्सर नाहीत, ईसीएम (इंजिनाचा संगणक) नाही, वर प्लॅस्टिकचं झाकण नाही. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर), फॅन, रेडिएटर आणि मधोमध लोखंडी ब्लॉक. जे आहे ते समोर आहे, आणि जे बिघडतं ते बहुतेक वेळा आधी सांगून बिघडतं. ते सांगणं ऐकायला शिकलात, तर ही गाडी पुढची वीस वर्षं तुमच्या दारात उभी राहील. माझी तशी उभी आहे.

गेल्या काही वर्षांत बरीच तरुण मुलं पद्मिनी घेताना दिसतात. आजोबांची होती म्हणून, किंवा मुंबईची काळी-पिवळी डोळ्यांसमोरून गेली म्हणून. (मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती थांबली.) गाडी घेतल्यावर मात्र पहिल्याच उन्हाळ्यात मंडळी कंटाळतात आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून चांगलं इंजिन उघडून बसतात. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. डिझेलवरची १३७ डी पद्मिनी निराळी, तिच्यात इंजिनच दुसरं. इथलं सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे.

आधी ओळख करून घ्या

हे इंजिन पद्मिनीपेक्षा बरंच जुनं. फियाटने १९३७ मध्ये ‘५०८ सी’ नावाची गाडी काढली, तिच्यातलं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन हे याचं मूळ. युद्धानंतर चिसितालिया या इटालियन कंपनीच्या छोट्या रेसिंग गाड्यांतही तेच धावलं. १९५३ मध्ये नवी फियाट ११०० आली, म्हणजे इटालियनमधली ‘मिलेचेंतो’, आणि पुढच्या वर्षी ती कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. तिथे गाडीची नावं बदलत गेली, डिलाइट, प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. बॉनेटखालची मूळ रचना मात्र गाडी बंद होईपर्यंत तीच राहिली. साठ वर्षांहून जास्त टिकलेला आराखडा आहे हा, आणि टिकला तो साधेपणामुळे.

आता मापं. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ६८ मि.मी., पिस्टनचा स्ट्रोक (वरखाली होणारी धाव) ७५ मि.मी. एका सिलिंडरची जागा साधारण २७२ सीसी, चार मिळून १०८९. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा, म्हणून इंजिन फार जोरात फिरायला नाखूश, पण कमी फेऱ्यांत ओढतं छान. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, त्याच्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे गरम होण्याचं प्रकरण येईल तेव्हा सगळं तिथेच येऊन ठेपतं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली बसतो, त्याला क्रँककडून (पिस्टन फिरवतात तो दांडा) टायमिंग चेन फिरवते, आणि पुशरॉड (उभ्या सळ्या) व रॉकर (वरच्या तरफा) यांच्यामधून वरचे व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकला तीन मेन बेअरिंग. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. कार्ब्युरेटर सोलेक्सचा. पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात, त्याचा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही.

सुटे भाग परदेशातून मागवणार असाल तर एक जपा. इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं, ७२ मि.मी. बोअरचं इंजिन होतं. आपल्याकडे १०८९ च राहिलं. नुसतं ‘११०० डी चे पिस्टन’ म्हणून मागवले, तर ते आपल्या ब्लॉकमध्ये बसणार नाहीत.

घेण्याआधी: थंड इंजिन बघा

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला, तर पुन्हा कधीतरी या. थंड असताना न उठणारं इंजिन आधी गरम करून ठेवणं ही विकणाऱ्यांची जुनी सवय आहे.

मग इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. अनेक गाड्यांचं इंजिन मधल्या काळात बदललेलं असतं आणि कागदावर जुनाच नंबर असतो. असं असेल तर बाकी गाडी कितीही चकचकीत असो, आधी कागद सरळ होऊ द्या.

डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं हा दोष नाही. ते नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी खुणेच्या वर आहे? मग एसी पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दुरुस्ती स्वस्त, पण असं पातळ झालेलं ऑइल किती दिवस बेअरिंगमधून फिरलं असेल हा खरा प्रश्न. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. आतून ताकावर आलेल्या लोण्यासारखा पांढुरका थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत हा थर थोडासा दिसतो, त्याने घाबरू नका. डिपस्टिकवरही तोच रंग असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ थर) गेलं किंवा हेडला तडा आहे असं धरून बोला.

आता गाडी चालू करा. पहिल्या मिनिटात डोळे सायलेन्सरवर ठेवा. सुरुवातीला थोडा निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या आहेत, त्यावर निभावता येतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की दर वेळी निळा लोट येतो, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर गेले. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. तिथून वाफेच्या इंजिनासारखे धुराचे झोत येत असतील, तर रिंगांचं उत्तर मिळालं. नंतर इंजिन चांगलं तापेपर्यंत फिरवून आणा आणि आयडलला ऑइल प्रेशरचा दिवा बघा. गरम झाल्यावर तो लुकलुकत असेल आणि चढावर खोल ‘ठक्‌ ठक्‌’ येत असेल, तर बेअरिंग घासली आहेत. त्याचा अर्थ क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगचे नवे शेल आणि बहुधा पूर्ण ओव्हरहॉल. भाव त्या हिशेबाने करा.

शक्य असेल तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) घेऊन जा. चारही प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सेल्फ मारायचा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन समान झिजलंय, चालेल. एकच सिलिंडर खूप कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर मधलं गॅस्केट.

आणि हे जरूर विचारा: ब्लॉक आतापर्यंत किती वेळा बोअर झालाय (आतून कातून मोठा केलाय), स्लीव्ह (आतल्या नव्या नळ्या) बसवल्यात का? मालकाला माहीत नसेल, तर त्याच्या मिस्त्रीला विचारा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

लांबचा प्रवास काढू नका. आधी ऑइल बदला. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साधं मिनरल ऑइल या इंजिनाला मानवतं, महागड्या पातळ सिंथेटिकने जुन्या सीलमधून गळती सुरू होते. फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होज पाइप, प्लग, आणि डेल्कोचे पॉइंट, कंडेन्सर व रोटर नवे टाका. जुने चालू स्थितीतले भाग फेकू नका, डिकीत एका डब्यात ठेवा.

पेट्रोलच्या नळ्यांना मी वेगळा परिच्छेद देतो, कारण इथे आता आग लागण्याचा धोका आहे. हे इंजिन इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, मग त्याला भेगा पडतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीची घ्या, एसी पंपाचा पडदाही तसाच मागा. नळी दोन बोटांत दाबून बघायची सवय लावा. चिकट लागली की बदलायची. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा वाडगा रिकामा करून ठेवा. नाहीतर जेटमध्ये हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा साका बसतो.

रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी, त्यातून बोअरवेलचं, कधी घालू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून कुरतडलं जातं. पूर्ण पाणी काढून, ब्लॉक स्वच्छ धुऊन कूलंट भरा. आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. ‘आपल्याकडे गरमच असतं, काढून टाकला’ असं दहातले आठ मिस्त्री सांगतील. मी तो परत बसवायला लावतो. तो नसला की थंडीत इंजिन नीट तापत नाही, चोक जास्त वेळ लागतो, जास्तीचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

टॅपेट: हे काम स्वतः शिका

पद्मिनीच्या मालकाने एकच काम हाताने करायचं असेल तर ते टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट नीट करणं. एका रविवार सकाळचं काम आहे आणि इंजिनाची तब्येत त्यात कळते.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. हेडवरचं कव्हर काढा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलली की रॉकर हलताना दिसतात. जोड्या पाठ करा: १ आणि ४, २ आणि ३. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलतात, म्हणजे एक बंद होत येतो आणि दुसरा उघडायला लागतो, त्या क्षणी थांबा. आता एक नंबरचे दोन्ही मोकळे आहेत, ते सेट करायचे. तीन नंबरचे हलताना दोनचे, एकचे हलताना चारचे, दोनचे हलताना तीनचे.

गाडीच्या हँडबुकात इनलेट आणि एक्झॉस्टचं जे अंतर दिलंय त्या जाडीची फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सारा. वहीच्या दोन पानांमधून कागद ओढताना लागतो तेवढाच अडसर जाणवला पाहिजे. चेकनट आवळताना स्क्रू स्वतःबरोबर थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. हे न केल्यामुळे निम्मी सेटिंग चुकतात.

आवाज करणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात. मला भीती वाटते ती न वाजणाऱ्या टॅपेटची. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) यांच्यात गादीसारखा बसे. २००० सालापासून देशभर शिसं बंद झालं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडाथोडा सीटमध्ये रुतत जातो आणि फट आपोआप कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याच्या कडेने ज्वाला निसटते आणि तो जळतो. टॅक्सी म्हणून सीएनजीवर चाललेल्या इंजिनात हे अधिकच जलद होतं. दर वेळी एकाच एक्झॉस्टची फट कमी सापडत असेल, तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा कठीण धातूच्या सीट बसवून घ्या. हलकी टिक-टिक ऐकू येऊ द्या.

गाडी बंद पडली, आता?

क्रम ठरवून ठेवा: आधी करंट, मग पेट्रोल. इंजिनाला पाना लावायची वेळ फार क्वचित येते.

डेल्कोची कॅप काढा. पॉइंट काळे पडलेत का, त्यांच्यात साधारण ०.४ मि.मी. फट उघडते का? फट मिटली असेल तर गाडी उठणारच नाही, आणि हे सगळ्यात जास्त वेळा होतं. कॅपच्या आत पावसाळ्यात दव धरतं, कोरड्या कापडाने पुसा. प्लगची वायर ब्लॉकपासून थोडी दूर धरून सेल्फ मारायला सांगा (वायर रबराच्या टोपीला धरा, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको). निळसर, तडतडणारी ठिणगी हवी. पिवळट आणि दुबळी असेल तर कंडेन्सर बदला. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता उठते, पुन्हा दहा किलोमीटरवर तेच. अशा वेळी लोक कार्ब्युरेटर तीनदा उघडतात. दोष बहुधा कंडेन्सरचा किंवा कॉइलचा निघतो.

करंट ठीक असेल तर कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोके घेत यायला हवं. येत नसेल आणि दिवस मे महिन्याचा असेल, तर पंपात वाफ अडकली आहे. पंप तापलेल्या इंजिनालाच चिकटलेला, त्यात पेट्रोलची वाफ झाली की पडदा नुसता वाफ दाबत बसतो. यावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही सगळ्यात चांगला: सुती फडकं पाण्यात भिजवून, पिळून पंपावर गुंडाळायचं. पाच-दहा मिनिटांत पंप हाताला गार लागतो आणि गाडी उठते. पाणी एक्झॉस्टवर किंवा डेल्कोवर सांडू नका. माझ्या दाराच्या खिशात एप्रिल ते जून असं एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

सकाळी उठवताना चोक पूर्ण ओढा, आणि निदान माझ्या गाडीला तरी तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावलेला चालत नाही. उठली की अर्धा चोक, दोन मिनिटांनी बंद.

गरम होणं आणि हेड गॅस्केट

पद्मिनीची इंजिनं सगळ्यात जास्त याच दुखण्याने मेली. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि मधलं गॅस्केट दोघांचं भांडण सोसत असतं. एकदा जास्त तापलं की हेड किंचित वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट टिकत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर गेला, मी ‘वरपर्यंत पोचू’ म्हणून रेटली आणि माथ्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली. जवळच्या गॅरेजात त्याच दिवशी गॅस्केट बदलून मिळालं, हेडला फूटपट्टीसुद्धा लावली नाही. तीन आठवड्यांत तेच गॅस्केट त्याच जागी पुन्हा उडालं.

म्हणून काटा चढताना दिसला की थांबा. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावू नका. उकळत्या पाण्याने तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. गार झाल्यावर हळूहळू पाणी घाला, तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी म्हणजे तडा.

कारण शोधताना फॅन बेल्टपासून सुरुवात करा: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बोटभर दबला पाहिजे. मग रेडिएटरची जाळी, ती आतून क्षाराने भरलेली असते. गाडी गरम असताना रेडिएटरवर तळहात जवळून फिरवला तर बुजलेला भाग गार लागतो (फॅन थांबलेला हवा). मग वॉटर पंप, त्याच्या खालच्या छिद्रातून थेंब पडत असेल तर सील गेलं. इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं, हे बरेच जण विसरतात.

हेड उतरवावंच लागलं तर लेथवाल्याकडे फेसिंगला न्या आणि ‘फक्त सपाट होण्यापुरतंच घ्या’ असं समोर उभं राहून सांगा. पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहिला पाहिजे. बसवताना नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने आवळणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे थांबवा, पाना आपण घेऊन जा. साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, त्याच क्रमाने पुन्हा आवळायचं. गॅस्केट दबून नट सैल झालेले असतात. हेड आवळलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून त्याच दिवशी टॅपेटही सेट करायचे, १ बरोबर ४ आणि २ बरोबर ३.